विमानातील संगणक आणि सारथी

वर्धा जिल्ह्यातील आंजी (मोठी) गावचा गाडीवान कासरा ओढतो आणि बैल वळतो. जुन्या विमानांचे नियंत्रण तत्त्वतः याहून निराळे नव्हते. वैमानिकाच्या हाती दांडा, त्यास जोडलेले पोलादी दोर आणि त्या दोरांच्या ओढीने हलणारी पंख व शेपटीवरील पाती. आज मुंबई वा नागपूरहून सुटणाऱ्या बहुतेक प्रवासी विमानांत हा कासरा उरलेला नाही. वैमानिक केवळ आपली इच्छा दर्शवितो. ती विद्युत्तारांवाटे संगणकांकडे जाते आणि कोणते पाते किती हलवावयाचे हे संगणक ठरवितात. ‘फ्लाय-बाय-वायर’ म्हणतात ती हीच पद्धती. तिचा खरा कस लागतो तो विमान जायबंदी झाल्यावर.

१५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कवर पक्ष्यांच्या थव्याने एका एअरबस ए-३२० विमानाची दोन्ही इंजिने निकामी केली. इंजिने गेली की विजेची चणचण, आणि विजेवाचून संगणक पांगळा. कॅप्टन सलेनबर्गर यांनी पहिल्या काही क्षणांतच शेपटीतील सहायक जनित्र चालू केले. त्यामुळे संगणक अखेरपर्यंत पूर्णपणे जागे राहिले, आणि हडसन नदीवर उतरताना वेग घसरत असूनही त्यांनी विमानाचे नाक धोक्याच्या मर्यादेपलीकडे उचलू दिले नाही. विमानातील १५५ ही जण वाचले. पुढील वर्षी सिंगापूरजवळ क्वांटासच्या ए-३८० चे एक इंजिन फुटून त्याच्या तुकड्यांनी पंखातील तारा तोडल्या. तेथेही उरलेल्या तारांवर संगणकांनी विमान तोलून धरले आणि पाच वैमानिक सुमारे पन्नास मिनिटे बिघाडांची यादी तपाशीत बसले. ४६९ जण सुखरूप उतरले.

आता ए-३२० चीच दुसरी, आपल्या घरची कथा. १४ फेब्रुवारी १९९० रोजी इंडियन एअरलाइन्सचे विमान मुंबईहून बंगळूरला पोचत होते. त्याचे काहीही मोडलेले नव्हते. परंतु इंजिने मंद गतीवर राहिली आहेत व वेग घटतो आहे, याचे गांभीर्य वैमानिकांच्या वेळीच ध्यानी आले नाही. मंद गतीतून पूर्ण शक्तीस येण्यास इंजिनाला काही सेकंद लागतात. तेवढी सेकंदे हाती उरली नव्हती. १४६ पैकी ९२ जण दगावले. धडधाकट विमान गेले, जायबंदी तरले. आणि दोहोंची जात एकच!

नोव्हेंबर २०२५ मध्ये एअरबसने जगभरातील सुमारे सहा हजार विमानांच्या नियंत्रण-संगणकांत दुरुस्ती करावयास सांगितली, कारण तीव्र सौर प्रारणामुळे त्यांतील माहिती बिघडू शकते असे आढळले होते. आपल्या कंपन्यांनीही ते काम काही दिवसांतच उरकले, हे स्तुत्यच होय. मात्र संगणक दुरुस्त झाला म्हणजे सारथी तयार झाला, ही समजूत आम्हांस मान्य नाही. संगणकांचे साहाय्य अर्धेमुर्धे तुटले असता विमान हाताने चालविण्याचा सराव प्रत्येक वैमानिकास वर्षाकाठी किती तास मिळतो, याचे कंपनीवार आकडे नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने दरवर्षी जाहीर करावेत.