शास्त्रज्ञांची चरित्रे आणि आपण

शास्त्रज्ञांची चरित्रे आपण ज्या पद्धतीने वाचतो, ती पद्धत मला मुळीच पटत नाही. जन्म, बालपणीची हुशारी, परदेशगमन, पारितोषिक आणि निधन एवढे पाठ केले की झाले चरित्र! निबंधाला दहा ओळी मिळतात, वक्तृत्वस्पर्धेत टाळ्या मिळतात. पण त्या माणसाला कोणता प्रश्न पडला होता आणि त्याच्या उत्तराने कोणाचे काय भले झाले, हे सांगणाराही विसरतो आणि ऐकणाराही. त्यातून आपण पडलो कलाशाखेचे. विज्ञान हे दुसऱ्या कोणाचे तरी वतन, अशी आपली पक्की समजूत!

२८ फेब्रुवारीचेच उदाहरण घ्या. १९२८ साली या दिवशी सर चंद्रशेखर वेंकट रामन यांना 'रामन परिणाम' गवसला; म्हणून १९८७ पासून हा राष्ट्रीय विज्ञानदिन. रामन यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले, हे आपल्याला तोंडपाठ असते. परंतु १९३३ सालची हकीकत किती जणांना ठाऊक आहे? त्या वर्षी रामन बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले आणि त्याच वर्षी मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. उत्तम रीतीने उत्तीर्ण झालेल्या कमला भागवत या मुलीने तेथे प्रवेश मागितला. अर्ज नामंजूर झाला. कारण एकच, अर्जदार स्त्री होती!

कमलाबाई तेथे जाऊन ठाण मांडून बसल्या. सत्याग्रहाचा काळ तो. त्यांनीही तोच मार्ग धरला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून गणना नाही. मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम. आणि पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये. हा अपमान त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत. १९३६ साली त्या तेथून गुणवत्तेने उत्तीर्ण झाल्या आणि त्यांचे काम पाहून रामन यांनी मुलींना संस्थेचे दार उघडले. पुढे केंब्रिज. तेथे बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही 'सायटोक्रोम सी' असते, हे त्यांनी दाखवले. पेशींच्या श्वसनात या द्रव्याचा महत्त्वाचा वाटा असतो. १९३९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. विवाहानंतर त्या कमला सोहोनी झाल्या.

आपल्याला या बाई ठाऊक नसाव्यात याचे मला विशेष नवल वाटते. कारण त्यांच्या थोरल्या बहिणीला आपण चांगले ओळखतो. 'ऋतुचक्र' आणि 'व्यासपर्व' लिहिणाऱ्या, १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध निर्भयपणे बोलणाऱ्या दुर्गा भागवत! एकाच घरातल्या दोघी. एक साहित्याच्या इतिहासात गेली, दुसरी विज्ञानाच्या. आपण मात्र एकीलाच घरात घेतले आणि दुसरीला उंबऱ्याबाहेर ठेवले.

आणि ही दुसरी तर आपल्या झाडाखालची! वाणगावहून डहाणूकडे किंवा तलासरीकडे कुठेही जा. मिरचीचे मळे आणि चिकूच्या वाड्या यांच्यामधून ताड आणि शिंदी डोके वर काढून उभे दिसतात. या झाडांची बाहेरच्या जगाला ओळख एकच, ताडी. आणि ताडी म्हटले की आदिवासींच्या व्यसनावरचे एक प्रवचन ठरलेले. मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवणाऱ्या कमलाबाईंनी या झाडाकडे दुसऱ्या नजरेने पाहिले. रात्रभर मडक्यात गोळा झालेला ताजा रस म्हणजे नीरा. मडक्याला आतून चुना लावला तर ती काही काळ टिकते; ऊन चढले की यीस्टमुळे साखरेचे मद्य होऊ लागते आणि नीरेची ताडी होते. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. तीत जीवनसत्त्वे आणि लोह आहे, ताडगुळातही ती टिकून राहतात आणि आदिवासी समाजातील कुपोषित मुलांना व गरोदर स्त्रियांना ती उपकारक ठरते, असे त्यांना आढळले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. ज्या तालुक्यांतून आजही बालकांच्या वजनाची चिंता वाहावी लागते, तेथे हे संशोधन कोणाला माहीत नसावे, याला काय म्हणावे?

कोणी म्हणेल, विज्ञानदिनी रामन यांची उणी बाजू कशाला उकरून काढायची? मला वाटते, रामन यांचा शोध एवढा भक्कम आहे की त्याला आपल्या मौनाचा टेकू नको. समुद्र निळा का दिसतो, हा प्रश्न ज्यांना पडला, त्यांना दारात उभी असलेली मुलगी दिसली नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि चरित्रात दोन्ही आल्या पाहिजेत. आपल्याच वर्गात पाहा. शाळेत विज्ञानात उत्तम गुण मिळवलेल्या कितीतरी मुली आज कलाशाखेच्या बाकावर आहेत. कोणाच्या गावाजवळ विज्ञानशाखा नव्हती, कोणाला रेल्वेचा पास परवडत नव्हता, कोणाच्या घरी 'मुलीला कशाला हवे सायन्स?' असा निकाल आधीच लागला होता. अट घालायला आता संचालक लागत नाही. गाडीचे वेळापत्रकही पुरते!

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. येत्या २८ फेब्रुवारीला रामन यांच्या तसबिरीशेजारी कमलाबाईंची तसबीर लागावी आणि १९३३ सालची हकीकत मोकळेपणाने सांगितली जावी. ज्या मुलींना विज्ञानाची ओढ आहे, त्यांच्यासाठी ग्रंथालयात विज्ञानाचे एक कपाट असावे. आणि आपण भाषेचे विद्यार्थी म्हणवतो, तर ताड छेदणाऱ्या माणसाकडे पहाटे जाऊन त्याचे ज्ञान, त्याचे शब्द, त्याच्या अडचणी लिहून आणाव्यात. प्रयोगशाळा आपल्याजवळ नसेल. पण वही आहे, भाषा आहे आणि झाडे तर दारातच आहेत!