मुळशीची वीज आणि क्लाउडची जमीन

आजच्या धाग्याचा आरंभ एका चुकीच्या कबुलीने करते. मागील धाग्यात एका घराण्याच्या दप्तरातील मोडी पत्रांचा कालानुक्रमे तक्ता दिला होता. त्यातील जवळजवळ निम्मी पत्रे एका वर्षाने मागे सरकली होती. दोघा वाचकांनी ती चूक दाखवून दिली, त्यांचे आभार. चूक कशी झाली हे सांगणे मात्र मला केवळ दुरुस्तीपुरते महत्त्वाचे वाटत नाही.

मला प्रोग्रॅमिंग येत नाही. सुमारे तीनशे पत्रांच्या तारखा हाताने जुळवण्यास महिना लागला असता. म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या एका साधनाला साध्या मराठीत सांगितले, ‘शुहूर सनाचे इसवी सनात रूपांतर करून ही यादी लाव.’ पाच मिनिटांत त्याने कोड लिहिला, चालवला आणि तक्ता पुढे ठेवला. त्याने प्रत्येक शुहूर सनात सरसकट ५९९ मिळवले होते. शुहूर सन मृगसाल आहे, ते मृग नक्षत्राला बदलते. त्यामुळे जानेवारीपासून मृगापर्यंतच्या पत्रांसाठी ६०० मिळवावे लागतात. ‘सबा समानीन मया व अलफ’ म्हणजे ११८७ या सनातील कार्तिकात एक प्रश्न विचारला गेला आणि फाल्गुनात त्याचे उत्तर आले. माझ्या तक्त्यात मात्र उत्तर १७८६ च्या आरंभी आणि प्रश्न १७८६ च्या अखेरीस, अशी मौज झाली होती. कोड निर्दोष चालला, कुठेही अडखळला नाही, म्हणून मीही तपासले नाही. दोष माझाच.

हा प्रसंग मी हिंजवडीत नोकरीस असलेल्या माझ्या मामेभावाला सांगितला. तो हसला. त्याच्याकडे हल्ली हेच रोज चालते, म्हणाला. कोड यंत्र लिहिते, आपण तो वाचायचा आणि जबाबदारी घ्यायची. २०२१ साली गिटहब कोपायलट आले तेव्हा ते अर्धवट ओळ पुरी करून देत असे. आजची साधने संपूर्ण काम स्वीकारतात, स्वतः चाचण्या चालवतात, चुकले तर पुन्हा लिहितात. अशा प्रत्येक फेरीला दूर कुठेतरी एक शक्तिशाली यंत्र राबत असते. त्या यंत्रांच्या समूहाला आपण क्लाउड म्हणतो. नाव मोठे फसवे आहे. ढगाला सातबारा नसतो, या क्लाउडला असतो.

बोलता बोलता त्याच्या कार्यालयाच्या पत्त्याकडे माझे लक्ष गेले. हिंजवडी, तालुका मुळशी, जिल्हा पुणे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला ‘मुळशी’ हा शब्द नुसता पत्ता म्हणून वाचता येत नाही.

१९१५ पूर्वी मुंबईच्या गिरण्या बाहेरून आणलेल्या कोळशावर, वाफेच्या इंजिनांनी चालत. जमशेटजी टाटांची कल्पना अशी की, सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस अडवावा, तो घाटाखाली सोडून वीज निर्माण करावी आणि तारांनी मुंबईस न्यावी. १९१० साली कंपनी स्थापन झाली, लोणावळ्याजवळ तलाव बांधले गेले, आणि १९१५ साली खोपोलीची वीज गिरण्यांना मिळू लागली. गिरणीमालकाच्या दृष्टीने ही जादूच होती. बॉयलर गेला, धूर गेला. कळ दाबली की माग चालू. खर्च मात्र नाहीसा झाला नव्हता. तो घाट चढून मावळात गेला होता, जिथे गिरणीतील कोणालाही तो दिसण्याचे कारण नव्हते.

मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमापाशी मुळशीचे धरण बांधायचे ठरले तेव्हा हा खर्च पन्नासहून अधिक गावांच्या दारात येऊन उभा राहिला. जमीन सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली कंपनीसाठी घ्यावयाची होती. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. काम काही महिने थांबले. पण बऱ्याच जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या नावे होत्या आणि त्यांना नुकसानभरपाई हवी होती. कसणाऱ्याला हवी होती जमीन. ही फूट आंदोलनाला भोवली. याच लढ्याने पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ केले, पण धरण झालेच. १९२७ साली भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले. भीमेच्या खोऱ्यातले पाणी तेव्हापासून घाटाखाली कुंडलिकेत उतरते.

(आमच्या शाहू महाराजांनी १९०७ च्या सुमारास हाती घेतलेल्या राधानगरी धरणाशी तुलना करून पाहा. ते पाणी भोगावती-पंचगंगेच्या खोऱ्यातच, शेतीसाठी राहिले. तिथेही जमीन बुडाली. पण पाणी कुठे जाते हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पावसाळ्यात राधानगरीचा किती नंबरचा दरवाजा उघडला यावर इथे चहाच्या टपरीवर चर्चा होते.)

आता आजकडे येऊ. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे आणि मुंबईत, ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आपले क्लाउड विभाग उघडले. ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल या पट्ट्यात, जिथे पूर्वी रासायनिक कारखाने होते, तिथे आता खिडक्या नसलेल्या प्रचंड इमारती उभ्या आहेत. देशाच्या डेटा सेंटर क्षमतेचा निम्म्याच्या आसपास वाटा मुंबई परिसरात आहे, कारण समुद्राखालच्या केबल इथे किनाऱ्याला लागतात. १८७० साली विलायतेशी जोडणारी तारायंत्राची समुद्री केबलही मुंबईलाच लागली होती. बंदरे सहजासहजी जागा सोडत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये ॲमेझॉनने महाराष्ट्रात ८.३ अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा केली.

कृत्रिम बुद्धिमत्तेने या इमारतींच्या आत काय बदलले, हे समजून घेण्यासारखे आहे. पूर्वी सर्व्हरच्या एका कपाटाला साधारण ५ ते १० किलोवॅट वीज पुरत असे. एनव्हिडियाची एच-१०० ही एकच चिप पूर्ण भाराने ७०० वॅटपर्यंत वीज घेते. अशा ८ चिपांचा एक सर्व्हर १० किलोवॅटच्या घरात जातो, आणि नव्या पिढीचे एक भरलेले कपाट १२० किलोवॅटच्या आसपास. इतकी उष्णता केवळ गार हवेने निघत नाही, म्हणून चिपांपर्यंत द्रव खेळवावा लागतो. अनेक ठिकाणी ती उष्णता शेवटी पाण्याची वाफ करूनच बाहेर टाकली जाते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२४ मध्ये जगातील डेटा सेंटरनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, आणि २०३० पर्यंत हा आकडा ९४५ अब्जांच्या आसपास जाईल असा अंदाज आहे.

मुळशीचीच वीज नवी मुंबईच्या सर्व्हरना जाते, असे माझे म्हणणे नाही. विजेच्या तारेवर गावाचे नाव लिहिलेले नसते. माझा मुद्दा निराळा आहे. १९१५ च्या गिरणीमालकाप्रमाणेच आज आपण कळ दाबतो आणि काम होते. माझा तो पाच मिनिटांचा तक्ता मला फुकट वाटला, आणि फुकट वाटल्यामुळेच मी तो तपासला नाही.

‘मग हे साधन वापरणे सोड,’ असे कोणी म्हणेल. मी सोडणार नाही. मोडी वाचणारे हात थोडे आहेत, रुमाल असंख्य आहेत, आणि खेड्यातल्या विद्यार्थ्याला स्वतःच्या भाषेत सांगून प्रोग्रॅम करून घेता येणे ही लहान गोष्ट नव्हे. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनाच कालपर्यंत हे शक्य होते. मावळ्यांची बाजू घेणारेही पुढे विजेच्या दिव्याखाली बसून लिहितच होते.

माझी तक्रार नोंदींविषयी आहे. मुळशीचा इतिहास आज लिहिता येतो, कारण त्याचे कागद उरले. भूसंपादनाच्या अधिसूचना, वर्तमानपत्रांतील वाद, खटल्यांचे कामकाज, सत्याग्रहींची पत्रके, सारे काही. राजेंद्र व्होरांसारख्या अभ्यासकाला त्यावर ग्रंथ उभा करता आला. पण रबाळ्याच्या एखाद्या डेटा सेंटरने गेल्या मे महिन्यात किती वीज घेतली, किती पाणी वापरले, ते कोणत्या धरणातून आले, हे नागरिकाला सहज उघडून पाहता येईल अशी इमारतनिहाय सार्वजनिक नोंदवही नाही. महाराष्ट्राच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणाने डेटा सेंटरना सवलती दिल्या. सवलत सार्वजनिक तिजोरीतून जात असेल, तर हिशेबही सार्वजनिक असावा. परवानगी देतानाच वीज, पाणी आणि जमिनीचे वार्षिक आकडे जाहीर करण्याची अट घालावी, आणि ते आकडे पुराभिलेखागारात ठेवावेत. यात उद्योगाचे काही बुडत नाही. विरोध असलाच, तर तो निदान ऐकीव गोष्टींवर उभा राहणार नाही.

मामेभावाला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, ‘ताई, आमच्या कंपनीत प्रत्येक कोडची नोंद असते. कोणती ओळ कोणी, कधी बदलली, सगळे.’ मग इमारतीच्या पाण्याची का नको, असे मी विचारले. त्याने ते आपले खाते नाही, असे उत्तर दिले. १९२१ मध्ये गिरणीतल्या जॉबरनेही हेच सांगितले असते.

दुरुस्त तक्ता सोबत जोडला आहे. प्रत्येक पत्राचा महिना मी स्वतः मूळ मोडीवरून वाचला आणि मृगाआधीच्या पत्रांना ६०० धरले. फाल्गुनातले ते उत्तर आता १७८७ मध्ये, आपल्या प्रश्नानंतर बसले आहे. अकरा पत्रांवर महिनाच नाही. त्यांच्यापुढे दोन्ही वर्षे दिली आहेत. त्यांतली नावे वा प्रसंग कोणाच्या ओळखीचे निघाले तर अवश्य कळवा.