‘तानापिहिनिपाजा’च्या पुढे काय?



दहावीला प्रकाशाचे अपस्करण शिकवताना आपण लोलक दाखवतो, मुलं ‘तानापिहिनिपाजा’ म्हणतात आणि धडा संपतो. मीही वर्षानुवर्षं असंच शिकवलं. एकदा एका मुलीनं विचारलं, “सर, रंग वेगळे करून करायचं काय?” मला नीट उत्तर देता आलं नाही. खरं तर उत्तराचा धागा आपल्याच शहरात होता.

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज आणि शेंद्रा एमआयडीसीत स्टरलाइट टेक्नॉलॉजीज ऑप्टिकल फायबर बनवते. काचेचा दांडा तापवून केसासारखा तंतू ओढतात. त्यात पूर्ण आंतरिक परावर्तनाने प्रकाश पुढे जातो. लांब पल्ल्याच्या एकाच तंतूतून साधारण १५३० ते १५६५ नॅनोमीटरच्या पट्ट्यातल्या ८० ते ९६ तरंगलांबी एकाच वेळी धावू शकतात. प्रत्येकीवर वेगळी माहिती! हा प्रकाश अवरक्त, म्हणून डोळ्यांना दिसत नाही.

आता मनमाड जंक्शन आठवा. एका गाडीचे काही डबे सोडून दुसऱ्या गाडीला जोडले, तर प्रवाशांना उतरावं लागत नाही. तरंगलांबी बदलमार्गी यंत्र, म्हणजे ‘वेव्हलेंथ स्विच’, हेच करतं. आत आलेला प्रकाश बारीक रेघांची जाळी तरंगलांबीनुसार पसरवते. इवलेसे आरसे किंवा द्रवस्फटिक प्रत्येक तरंगलांबीला हव्या त्या तंतूकडे वळवतात. पूर्वी जंक्शनवर प्रकाशाची वीज आणि विजेचा पुन्हा प्रकाश करावा लागे, म्हणजे सगळे प्रवासी खाली! आता रस्ता खोदताना केबल तुटली आणि दुसरा मार्ग मोकळा असला, तर दूरच्या केंद्रातूनही वाहतूक तिकडे वळवता येते.

“हे परीक्षेत येत नाही,” असं काही जण म्हणतील. पोर्शन पुरा करायची ओढाताण मलाही माहीत आहे. पण दहा मिनिटं काढाच. जुनी सीडी उन्हात तिरकी धरा. तिच्या बारीक रेघा रंग वेगळे करतात, यंत्रातली जाळीही तसंच करते. टीव्हीचा रिमोट मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर दाबा; बऱ्याच फोनवर न दिसणारा प्रकाश लुकलुकताना दिसतो. मात्र सुरू असलेल्या फायबरच्या टोकात कधीही डोकावू देऊ नका. न दिसणारा प्रकाशही डोळ्याला इजा करतो.

पालकहो, तुमच्यापैकी अनेकजण एमआयडीसीत कामाला जाता. आपण काय बनवतो, ते जेवताना मुलांना सांगा. ज्या गावात फायबर तयार होतं, तिथल्या मुलाला विज्ञान म्हणजे फक्त पाच मार्कांचा प्रश्न वाटावा, हे मला पटत नाही.

त्या मुलीला मी आता सांगेन: बाळा, रंग वेगळे करता आले, म्हणून तर प्रत्येकाला त्याच्या वाटेला लावता आलं.