मातीचा घडा आणि अचौर्यव्रत

मातीचा घडा हे भारताच्या ‘इकोमार्क’चे चिन्ह. ही ऐच्छिक योजना १९९१ साली सुरू झाली. २०२४ साली तिचे नवे नियम आले. जर्मनीचा ‘ब्लू एंजल’ १९७८चा, युरोपीय संघाचे फूल १९९२चे. अशा चिन्हांची कार्यपद्धती आयएसओ १४०२४ हे आंतरराष्ट्रीय मानक सांगते : कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंतचा विचार आणि त्रयस्थाची तपासणी. पद्धत समान असली तरी निकष ज्या त्या योजनेचे. म्हणून घड्याच्या परवान्याने फुलाचा अधिकार मिळत नाही, निर्यातदाराला तो वेगळा घ्यावा लागतो. तपासणीविना स्वतःच छापलेले हिरवे पान मात्र कोणत्याच योजनेचे नसते. खऱ्याच्या जागी खोटे खपविणे, म्हणजेच प्रतिरूपक व्यवहार, हा श्रावकाच्या अचौर्याणुव्रताचा अतिचार मानला आहे. वेष्टनावर चिन्ह छापण्यापूर्वी परवाना हाती असणे, हेही म्हणूनच व्रतपालन होय.