निवड कोणाची?

फराळाच्या ताटाशी अंक चाळणाऱ्या वाचकाला आफ्रिकेतील कलामहोत्सवांची उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. पण शाळेच्या प्रदर्शनात मुलांनी मांडलेली चित्रे, पाहुणे यायच्या आत कोपऱ्यात सारली जाताना ज्याने पाहिली आहेत, त्याला हा प्रश्न परका वाटणार नाही.

१९६६ साली सेनेगलच्या डाकार शहरात कवी-राष्ट्राध्यक्ष सेंघोर यांनी कृष्णवर्णीयांच्या कलांचा पहिला जागतिक महोत्सव भरवला. तेथल्या जुन्या शिल्पांपैकी कितीतरी युरोपच्या संग्रहालयांतून उसनी आणलेली. लेक माहेरी आली, तीही सासरच्या परवानगीने आणि मोजक्या दिवसांसाठी! १९७७ च्या लागोस महोत्सवाने बेनिनच्या राजमाता इडियाचा हस्तिदंती मुखवटा बोधचिन्ह म्हणून घेतला. मूळ मुखवटा १८९७ च्या इंग्रजी स्वारीत लुटून नेलेला, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. महोत्सवापुरता मागितला, तरी मिळाला नाही. अखेर बेनिनच्या कारागिरांनी प्रतिकृती कोरली. नकाराचा गवगवा झाला. कोरणारा हात गावात अजून शाबूत होता, याचे कौतुक कोणी फारसे केले नाही.

त्या काळी निवड सरकारे करीत. पुढे ती 'क्युरेटर' म्हणवणाऱ्या तज्ज्ञांकडे गेली. १९९७ चे जोहान्सबर्गचे द्वैवार्षिक प्रदर्शन ओक्वुई एन्वेझोर या व्यासंगी नायजेरियनाने मांडले. बाहेरच्या जगाने वाहवा केली, गावच्या लोकांनी विचारले, "यात आम्ही कुठे?" पैशाची ओढाताण झाली आणि प्रदर्शन मुदतीआधीच मिटले. विद्वत्ता भरपूर होती, शेजार नव्हता.

"निवडणारा नसला तर जत्रा होईल," हा आक्षेप मला ठाऊक आहे. होऊ द्या की! डाकारच्या द्वैवार्षिकाच्या दिवसांत मुख्य प्रदर्शनाबाहेर, शहरभर दुकानांत नि घरांच्या अंगणांतही चित्रे लागतात. बाजाराला निघालेल्या बाईची नजर तिथे सहज पडते. सुबक दालनात ती पाऊल टाकील काय?

तज्ज्ञ नकोतच, असे मात्र मी म्हणत नाही. कोयो कुओ या बाई जन्माने कॅमेरूनच्या. पण त्यांनी डाकारात राहून कलाकेंद्र उभारले, तरुणांना हाताशी धरले. २०२६ च्या व्हेनिस द्वैवार्षिकाची निवड त्यांच्याकडे आली ती इतक्या वर्षांच्या राबण्यानंतर. २०२५ च्या मे महिन्यात त्या अकाली गेल्या. त्यांनी आखलेले प्रदर्शन त्यांच्याच आराखड्याप्रमाणे भरवायचे, असे व्हेनिसकरांनी त्याच महिन्यात जाहीर केले.