डिस्क बदलण्याआधी ब्रेक ऑइल बघा



ट्रॅकवर स्पोर्ट्‌स कारचे ब्रेक दगा देतात म्हणून मागच्या अंकातल्या लेखकांनी सरळ मोठ्या डिस्क बसवायला सांगितलं आहे. म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

बुद्ध सर्किटवर तिसऱ्या वळणानंतरचा लांबलचक सरळ पट्टा संपताना मी ब्रेक दाबला आणि पेडल फसकन तळाला गेलं. दोन-तीनदा भराभर दाबल्यावर गाडी जेमतेम आवरली. पेडल असं मऊ पडलं की समजावं, ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ धरली आहे. पेडल दगडासारखं कडक लागतंय आणि तरी गाडी थांबेना, तर संशय पॅडवर घ्यावा. लेखात हा फरकच नाही.

माझ्या गाडीतलं ऑइल तीन वर्षांचं, म्हणजे ओल शोषलेलं होतं. मानकाप्रमाणे ताज्या डॉट-४ ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस. ओल शोषलेल्याला १५५ ची अट पुरते. ऑइल बदललं, चारही कॅलिपरमधली हवा काढली, ट्रॅकचे पॅड घातले. डिस्क त्याच!

स्टिअरिंग थरथरलं म्हणजे डिस्क वाकली, हेही सरसकट खरं नाही. पुष्कळदा पॅडचा थर डिस्कवर कमीजास्त चिकटलेला असतो. तापलेल्या ब्रेकनिशी पिटमध्ये येऊन पेडलवर पाय दाबून उभं राहिलं, की तसा डाग उठतो. शेवटची फेरी सावकाश मारावी आणि हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवावी. याला पैसे पडत नाहीत, म्हणून लेखातून राहिलं असेल.

— एक वाचक, पुणे