छावणीच्या जागी विद्यापीठ

दीपावलीचा हा अंक वाचकांच्या हाती देताना, ज्या ठाकुर्लीत तो सिद्ध झाला तेथील भूमीविषयीच यंदा चार शब्द लिहावेत, असे आम्हांस वाटले. रेल्वेच्या विजेवरील गाड्यांसाठी १९२९ साली उभारलेले चोळा पॉवर हाऊस येथलेच. सुमारे सहा दशके कोळशाच्या वाघिणी येथे रिकाम्या झाल्या; म्हणूनच आपल्या सोयीसाठी कोठेतरी धूर निघत असतो, हे ठाकुर्लीकराला ग्रंथांतून शिकावे लागत नाही.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने आमच्या शेजारच्या कल्याणनजीक लष्करी छावण्या वसविल्या. युद्ध सरल्यावर, फाळणीने निर्वासित केलेले सुमारे लाखभर सिंधी बांधव त्याच बराकींत येऊन राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले, तरी रिक्षावाला उतारूला आजही ‘कॅम्प नंबर किती?’ असेच विचारतो. घरदार, जमीनजुमला मागे टाकून आलेल्या या समाजाने पुढे १९६५ साली तेथेच चांदीबाई हिमथमल मनसुखानी महाविद्यालय उभे केले. छावणीच्या भूमीत विद्या रुजते, याचा दाखला असा आपल्या दारीच आहे.

कल्याणजवळच्याच नेवाळी गावच्या माळाची कथा मात्र अपूर्ण राहिली. त्याच युद्धाच्या निकडीत धावपट्टीसाठी आसपासच्या गावांची दीड हजारांहून अधिक एकर जमीन सरकारने ताब्यात घेतली. युद्ध संपले, विमाने गेली, जमीन परत मिळावी ही कसणाऱ्यांची मागणी पिढ्यानुपिढ्या सरकारदरबारी खेटे घालीत राहिली. आणि नौदलाने त्या जमिनीला कुंपणाची भिंत घालावयास घेतली तेव्हा, जून २०१७ मध्ये, त्या साचलेल्या असंतोषाचा उद्रेक झाला. देशरक्षणास ही जमीन आवश्यक असेल, तर सरकारने तसे सकारण सांगावे. परंतु तिचा जो भाग अनावश्यक ठरेल, त्यातील शेतकऱ्यांचा हक्क प्रथम चुकता करून, त्यांच्या संमतीने उरणाऱ्या जागेवर कल्याण-डोंबिवलीचे स्वतंत्र विद्यापीठ व्हावे, अशी आमची सूचना आहे.

ते विद्यापीठ कार्बनचा भार शक्य तितका हलका ठेवणारे असावे. जर्मनीतील ल्यूनेबर्ग येथे जुन्या लष्करी बराकींत लॉयफाना विद्यापीठ नांदते आहे, आणि वायुउत्सर्जनाचा जमाखर्च समतोल राखण्याचे श्रेय त्याने गेल्या दशकातच मिळविले आहे. उभ्या भिंती राखण्यात केवळ काटकसर नसते. सिमेंटच्या भट्टीत चुनखडी भाजताना इंधनाचा धूर तर निघतोच, शिवाय त्या दगडात कोंडलेला कार्बनही वायुरूपाने मोकळा होतो. म्हणून जी इमारत नव्याने बांधावी लागत नाही, तिच्याइतकी निर्मळ इमारत दुसरी नाही. नेवाळीस बराकी नसतील, पण धावपट्टीखाली गेलेली जमीन आहे. नांगरास निरुपयोगी झालेल्या त्याच पट्ट्यावर बांधकाम एकवटावे, पिकाऊ माती मोकळी ठेवावी, कोकणच्या पावसाचे पाणी तळ्यांत साठवावे, छपरांवर सूर्याची वीज घ्यावी, रुंद ओसऱ्या आणि दाट झाडी यांनी वर्गखोल्या गार राखाव्यात, आणि स्थानकापासून बसगाड्यांची नियमित व्यवस्था करून मोटारींस आवारात मज्जाव करावा. शिक्षणासाठी मुंबईपर्यंत लोकलच्या दारात लोंबकळत जाणाऱ्या आमच्या मुलामुलींचा प्रवास त्यामुळे आखूड होईल, हा लाभ तर अमोल आहे.

तथापि धूर कमी झाला एवढ्याने विद्यापीठ निर्मळ ठरत नाही. ज्याच्या सातबाऱ्यावरील नाव युद्धाच्या धामधुमीत पुसले गेले, त्याच्या नातीला त्या विद्यापीठात मानाने प्रवेश मिळेल आणि तिच्या घराण्याचा मोबदला कोणत्याही दफ्तरात थकलेला नसेल, तेव्हाच ही भूमी खऱ्या अर्थाने युद्धातून मुक्त झाली असे आम्ही मानू. या विषयावर वाचकांनी, विशेषतः नेवाळीच्या ग्रामस्थांनी, आपली मते आम्हांस अवश्य कळवावीत; पुढील अंकात त्यांना आदराचे स्थान राहील. 

— संपादक